स्वमग्नतेचे उत्तरायुष्य

स्वमग्नता हा बालवयातला विकार असून वयाबरोबर तो आपोआप ओसरतो, हा जो समज आपल्याकडे सुशिक्षित घरांतही रूढ आहे, त्याचे मूळ बहुधा या अवस्थेच्या इतिहासातच असावे. कारण मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचे सुप्रसिद्ध वर्णन केले ते ११ बालकांवरून, आणि १९८०च्या अमेरिकन निदानग्रंथातही ती ‘शैशवातील’ म्हणूनच नोंदली गेली. परंतु त्या अकरांतला पहिला, मिसिसिपीतील डोनाल्ड ट्रिपलेट, बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, देशोदेशी हिंडून २०२३ साली वयाच्या ८९व्या वर्षी निवर्तला, तो स्वमग्नच. (ती बँक त्याच्या आजोळची होती, हेही सांगितले पाहिजे.)

अशा माणसांना दुखणे जाणवत नाही, हा दुसरा आणि अधिक घातक समज. दुखते, सांगण्याची रीत निराळी असते. प्रौढपणी दाढ किडली, तर एखादा जेवण टाकतो, एखादा कानशिलावर हात मारतो, आणि भोवतालचे लोक ‘त्याचे तसेच आहे’ म्हणून स्वस्थ राहतात.

‘आम्ही आहोत तोवर आमची सही चालेल, पुढे भाऊ पाहील,’ ही समजूत तर कायद्याच्या पहिल्याच पायरीवर कोसळते. अपत्यास अठरा वर्षे पुरी होताच आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, आणि भावाकडे ते वारसाहक्काने जात नाही. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालक नेमते ती जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती; तीही पालकाची गरज आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हे पाहून. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व पुढे दरसाल जमाखर्च सादर करावा लागतो. याचा अर्थ प्रत्येक स्वमग्न प्रौढाला पालक हवाच असा नव्हे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ म्हटले आहे ते पालक आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनी परस्परविश्वासाने मिळून निर्णय घेण्यालाच.

दिव्यांगत्वाचा दाखला, इच्छापत्र, सरकारी नोकरांच्या बाबतीत कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी अपत्याची दप्तरी नोंद, ही तजवीज आईवडिलांच्या हयातीतच झालेली बरी. दाढ दुखली की तो कानशिलावर हात मारतो, ही नोंद मात्र कोणत्याच अर्जाच्या नमुन्यात मागितलेली नसते. ती आईने एखाद्या वहीत लिहून ठेवायची असते.