भाऊबीजेचा विळा

बहिणीच्या ओवाळणीच्या ताटात विळा घालणारा भाऊ तुम्ही कधी पाहिला आहे काय? गेल्या वर्षी तो पराक्रम मी केला. त्याचीच ही हकीकत.

पौड सोडून मुळशी धरणाच्या वाटेला लागले की माले गाव येते. तिथे माझी एक मानलेली बहीण आहे. जमीन थोडी. खाचरात भात, उतारावर नाचणी, गोठ्यात दोन बैल आणि एक म्हैस. अशी शेती एक पीक बुडाले तर दुसऱ्यावर तरते, म्हणून शहाणे लोक तिची तारीफ करतात. मीही करीत असे. आषाढात चार दिवस तिच्याकडे राहिलो आणि ती तारीफ घशातच अडकली.

पहाटे शेणाची पाटी डोक्यावर घेऊन बाई उकिरड्याकडे निघे. मग धार, पाणी, भाकऱ्या. उजाडते न उजाडते तोच तरव्यातली रोपे उपटायची, त्यांच्या मुठी बांधायच्या आणि लावणीला उभे राहायचे. उभे कसले, वाकायचे! परत येताना म्हशीच्या गवताचा ओला भारा डोक्यावर असेच. तो उचलून द्यायला मी पुढे झालो, तर माझ्याच कमरेत उसण भरली!

शेजारच्या खाचरात पॉवर टिलर चिखलणी करीत होता. नांगर धरणाऱ्या पुरुषाचे ओझे यंत्राने हलके केले. लावणीचीही यंत्रे निघाली आहेत. पण डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या खाचरात ती वळायची कशी, आणि एवढ्याशा जमिनीला परवडायची कशी? म्हणून बायका अजून दिवसभर कमरेत वाकून, एकेक पाऊल मागे सरत रोपे खोवतात. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, रात्री मणके ठणकतात. 2011 च्या जनगणनेत देशातल्या कामकरी स्त्रियांपैकी शेकडा 65 शेतकरी वा शेतमजूर होत्या. एवढ्या कमरांचा हा प्रश्न आहे.

"पाठ दुखत नाही का गं?" मी विचारले.

"दुखती की. पण तिच्याकडं बघाया सवड कुठं हाय, दादा?"

ते बोल मनात घेऊन परतलो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'वैभव' नावाचा दातेरी विळा काढला आहे. वजनाला हलका, कापताना हाताला ओढ कमी बसते. दिवाळीच्या सुमारास तिकडे भात कापणीला येते. भाऊबीजेला लुगड्याऐवजी तो विळाच मी ताटात ठेवला. मेहुणे हसले. बहीण हसली नाही. तिने दात्यांवरून बोट फिरवले आणि दुसऱ्याच दिवशी तो कापणीला नेला.

संध्याकाळी म्हणाली, "हात हलका झाला, दादा. पर वाकाया तेवढंच लागतंय. त्याला काय आणशील?"

यंदाची भाऊबीज आली आहे. त्याचे उत्तर मजजवळ अजून नाही. वाचकहो, तुमच्यापैकी कुणाजवळ असेल, तर मालेला माझ्यासंगे चला.