बाजारात ओळख नसताना छोट्या व्यावसायिकांचे सल्लागार कसे व्हाल?

1917 मध्ये बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. ज्ञानाची कमतरता नव्हती. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येणे थांबले आणि व्यवसाय बंद पडला.

आज आपले अनेक तरुण-तरुणी बी.कॉम., एम.कॉम. करून जीएसटी, हिशेब, कर्जाचे प्रस्ताव अशी कामे करतात. तरीही एक अडचण आहेच. व्यावसायिक आपली वही सहसा ओळखीच्या माणसालाच दाखवतो. ज्याचे काका-मामा बाजारपेठेत आहेत, त्याला पहिली गिऱ्हाइके घरातूनच मिळतात. पहिल्या पिढीतल्या मुलामुलींना ही ओळख स्वतः निर्माण करावी लागते. त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एखाद्या विषयातले जाणकार म्हणून नाव कमावणे.

एक विषय पक्का करा

‘सर्व कामे केली जातील’ हा बोर्ड गल्लोगल्ली दिसतो, म्हणून लक्षात राहत नाही. त्याऐवजी एक अडचण निवडा. उदाहरणार्थ, थकलेली बिले. एमएसएमईडी कायदा 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल वा सेवा दिल्यावर लेखी करारातील मुदतीत, पण जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पैसे अडल्यास सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. फॅब्रिकेशनवाले, छपाईवाले, खोकी बनवणारे यांच्यापैकी अनेकांना हे ठाऊकच नसते.

आधी उपयोगी पडा

या कायद्याचा लाभ घ्यायचा तर माल देण्याआधीच उद्यम नोंदणी केलेली बरी. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, तरी अनेकांकडून त्यासाठी पैसे उकळले जातात. ‘ही फुकट होते, आधार आणि पॅन घेऊन बसा’ असे सांगणारा आज थोडे पैसे सोडतो, पण विश्वास कमावतो. उद्या बिल अडले की तोच माणूस तुमच्याकडे येईल.

महिन्यातून एकदा विहाराच्या सभागृहात किंवा औद्योगिक वसाहतीत तासभर माहिती द्या. एक प्रश्न, एक उत्तर अशी सोप्या मराठीतली टिपणे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. त्यावर नाव, फोन आणि तारीख घाला, कारण नियम बदलतात. फक्त आपल्या वस्तीपुरते थांबू नका. बाजारपेठेत सर्वांपर्यंत जा.

‘नाही’ म्हणायला शिका

फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण थकबाकीच्या या तरतुदींचा लाभ त्याला नाही. हे आधीच स्पष्ट सांगा. खोटी आशा लावून घेतलेली एक फी दहा गिऱ्हाइके तोडते. जे येत नाही, ते ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणा आणि खरोखर सांगा. सीए किंवा वकिलाचे काम त्यांच्याकडे पाठवा. स्वतः सीए असल्याचे भासवू नका. एकाचा हिशेब दुसऱ्याजवळ कधीही बोलू नका.

फी मागायला लाजू नका

‘आपलाच माणूस आहे’ म्हणून फुकट कामाची अपेक्षा होते. पहिली माहिती मोफत, काम मात्र फी घेऊनच, हा नियम सर्वांना सारखाच ठेवा. फी आधी लेखी कळवा. कार्यकर्त्यांनीही आपल्या मुलांच्या ज्ञानाची किंमत द्यावी. बाहेरचे लोक देतीलच, पण सुरुवात घरातून व्हावी.

जात पाहून दुरावणारे आजही भेटतील. पण ज्याचे अडकलेले पैसे तुमच्यामुळे सुटले, तो शेजारच्या दुकानदाराला तुमचाच नंबर देईल. पहिली पाच कामे चोख करा. पुढची गिऱ्हाइके तीच माणसे आणतील.