रंगालाही वजन असतं

स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या चाचण्या चालू असताना सुपरमरीन कंपनीच्या अभियंत्यांनी एका विमानाला वाटाण्याची डाळ चिकटवली होती. प्रत्येक रिव्हेटवर डाळीचं एकेक दल. प्रश्न पैशांचा आणि वेळेचा होता. पत्र्याच्या पातळीत बसणारी सपाट डोक्याची रिव्हेट खर्चिक, गोल डोक्याची स्वस्त. गोल डोकी हवेला किती अडवतात हे पाहायला दुसरं विमान बांधण्यापेक्षा डाळ परवडली. सगळीकडे डाळ लावून विमान उडवलं तेव्हा कमाल वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरनी घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत, पुन्हा उडवत हिशेब लागला. पंखांवर सपाट रिव्हेटच हवीत, धडाच्या मागच्या भागात मात्र गोल चालतील.

या विमानाचं रेडिओ नियंत्रणावर उडणारं मोठं मॉडेल बांधणारे हौशी लोक हा तपशील विसरत नाहीत. महिनोन्‌महिने घासून काचेसारख्या केलेल्या मागच्या धडावर ते इंजेक्शनच्या सिरिंजनं पांढऱ्या गोंदाचे बारीक टिपके देत बसतात. पंखांवर टिपके नाहीत. तिथं तापवलेल्या पितळी नळीनं नुसती वर्तुळं उमटवायची. असे हजारो ठसे. बघणाऱ्याला हे रिकामटेकडं काम वाटतं. पण उडणाऱ्या मॉडेलमध्ये सजावट आणि वायुगतिकी वेगळ्या करता येत नाहीत, आणि माझ्या मते या छंदातलं खरं विज्ञान तिथंच आहे.

आधी आकाराचं गणित पाहू. मार्क ९ स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे २२.५ चौरस मीटर, भरलेलं वजन ३,४०० किलोच्या आसपास. एक-पंचमांश मॉडेलचा विस्तार सव्वादोन मीटर होतो. क्षेत्रफळ मात्र पाचनं नाही, पंचवीसनं भागलं जातं, म्हणजे ०.९ चौरस मीटर. वजन प्रमाणात ठेवायचं तर ते १२५नं भागायचं, म्हणजे २७ किलो. एवढ्या पंखांवर २७ किलो उडेल, पण इतक्या वेगानं उतरेल की छोट्या धावपट्टीवर कुणी त्याच्या वाटेला जाणार नाही. म्हणून प्रत्यक्षात असं मॉडेल दहा किलोच्या आगेमागे ठेवतात. मूळ विमानात पंखाच्या दर चौरस मीटरवर दीडशे किलो भार होता, मॉडेलमध्ये जेमतेम अकरा. दिसायला तंतोतंत, पण भाराच्या बाबतीत ते कागदी म्हणावं इतकं हलकं असतं. ते तसं असावंच लागतं.

कारण विमान लहान करता येतं, हवा लहान करता येत नाही. वाहत्या हवेचं जडत्व आणि तिचा चिकटपणा यांचं गुणोत्तर म्हणजे रेनॉल्ड्स संख्या. पूर्ण वेगातल्या खऱ्या स्पिटफायरच्या पंखावर ती दोन कोटींच्या घरात जाते. ताशी शंभर किलोमीटरनं उडणाऱ्या मॉडेलच्या पंखावर ती सात-आठ लाख असते आणि उतरताना निमुळत्या टोकाशी लाखाच्या आसपास येते. ही संख्या जितकी लहान, तितका हवेचा प्रवाह पंखापासून लवकर सुटतो. स्पिटफायरचा देखणा लंबवर्तुळाकार पंख इथं अडचणीचा ठरतो. टोक अरुंद, म्हणून संख्या तिथं सर्वांत लहान, म्हणून आधी स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं, ते टोक. एका बाजूचं टोक स्टॉल झालं की मॉडेल त्या अंगावर कलंडतं, आणि जमीन चार मीटरवर असेल तर सावरायला जागा उरत नाही. स्पिटफायरचे रचनाकार रेजिनाल्ड मिचेल यांच्या चमूनं मूळ विमानातच पंखाला पीळ दिला होता. टोकाचा कोन मुळापेक्षा अडीच अंशांनी कमी. मॉडेल बांधणारे तो पीळ ठेवतात, कधी थोडा वाढवतातही. पंखाची प्रत्येक रिब, म्हणजे फासळी, वेगळ्या मापाची असल्यामुळे हे काम पूर्वी किचकट होतं. आता लेझरनं कापलेल्या बाल्सा आणि प्लायच्या रिब वापरता येतात. सांगाडा उभा करणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग.

खरी परीक्षा नंतर सुरू होते. बाल्साच्या पातळ फळ्यांनी मढवलेलं विमान घासून, खड्डे लांबीनं भरून झालं की त्यावर फायबरग्लासचं झिरझिरीत कापड पसरायचं आणि पातळ रेझिन लावून ते लाकडाला बसवायचं. दर चौरस मीटरला सुमारे २५ ग्रॅमचं हे कापड. सगळ्या मॉडेलचा पृष्ठभाग साडेतीन चौरस मीटर धरला तर कापडाचं वजन ९० ग्रॅमही भरत नाही. पण विणीची भोकं भरण्यापुरतं रेझिन आणि हात सैल सोडून ओतलेलं रेझिन यांत पाव-अर्धा किलोचा फरक सहज पडतो. मग प्रायमर. प्रायमर मारायचा तो घासून काढण्यासाठीच. पाणपेपरनं बहुतेक सगळा उतरवायचा आणि फक्त खळग्यांत राहिलेला ठेवायचा. पत्र्यांचे जोड दाखवायला अर्ध्या मिलिमीटरची टेप चिकटवून वर प्रायमर मारतात, घासतात आणि टेप ओढून काढतात. मागे बारीक चर राहतो.

यावर रंग. वाळलेला थर केवळ ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, असला तरी साडेतीन चौरस मीटरवर तो दोनशे ग्रॅमच्या पुढं जातो. खालचा चंदेरी थर, वरचे दोन-तीन रंग, पेट्रोल आणि टू-स्ट्रोक इंजिनच्या तेलापासून वाचवणारं टू-पॅक मॅट लॅकर अशी बेरीज करत जा. त्यातही वजन किती, यापेक्षा ते कुठं पडलं हे महत्त्वाचं. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या भागात ठेवावा लागतो. तिथून शेपूट मीटरभराहून लांब, इंजिन जेमतेम ४० सेंटिमीटरवर. तरफेच्या साध्या नियमानं शेपटावर १० ग्रॅम रंग जास्त बसला की नाकात २५-३० ग्रॅम शिसं भरावं लागतं. सुकाणूवर हौसेनं मारलेला एक जादा हात असा तिपटीनं वसूल होतो.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे फडफड, तिला फ्लटर म्हणतात. सुकाणू आणि एलेव्हेटर बिजागरीवर हलतात. बिजागरीच्या मागं वजन वाढलं की विशिष्ट वेगाला हवा, लवचिक सांगाडा आणि ते वजन एकमेकांना झोके देऊ लागतात. असा झोका वाढत गेला तर शेपूट काही सेकंदांत मोडू शकतं. मूळ स्पिटफायरचे सुकाणू आणि एलेव्हेटर कापडानं मढवलेले होते. मॉडेलवरही तिथं कापडच ताणून लावावं आणि रंग जेमतेम धरेल इतकाच मारावा. खरेपणा आणि सुरक्षितता या ठिकाणी एकाच बाजूला आहेत, हे नशीबच.

रंग निवडतानाही भौतिकशास्त्र आड येतं. वीस मीटरवरून पाहिलेलं एक-पंचमांश मॉडेल डोळ्याला शंभर मीटरवरच्या खऱ्या विमानाइतकं भासतं. पण शंभर मीटर हवेतून येणारा रंग विखुरलेल्या प्रकाशामुळे किंचित फिका होऊन येतो. म्हणून अस्सल छटेत थोडा पांढरा किंवा फिका राखाडी मिसळतात. किती, यावर या मंडळींचं एकमत होणं कठीण. चमक मात्र नकोच. चकाकणारं स्पिटफायर खेळणं वाटतं.

जुनेपणा दाखवण्याच्या भरात काही जण ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर तांबूस गंज रंगवतात. ॲल्युमिनियमला तसा गंज चढत नाही. खऱ्या खुणा वेगळ्या. एक्झॉस्टच्या मागं काजळीचा पट्टा, तोफांच्या तोंडापाशी धूर, आणि कॉकपिटचा दरवाजा डावीकडं असल्यामुळे डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी उडालेला रंग. उजवीकडंही तेवढाच झिजलेला दाखवला की कारागिरानं छायाचित्र नीट पाहिलं नाही, हे लगेच कळतं.

आपल्याकडं कुणी हे मॉडेल बांधणार असेल तर युरोपच्या आकाशातले करडे-हिरवे पट्टे सोडून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या आघाडीचा रंग घ्यावा, अशी माझी शिफारस. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घोटाळ्यात आपलंच विमान पाडलं जाऊ नये म्हणून या आघाडीवर ब्रिटिश बोधचिन्हातला लाल रंग काढून निळ्याच्या दोन छटा वापरल्या गेल्या. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रननं १९४५मध्ये तिथं स्पिटफायर उडवली, आणि १९४७च्या काश्मीरच्या लढाईतही आपल्या दलाकडं ती होती.

एक गोष्ट बांधणाऱ्यांसाठी आणि बघ्यांसाठीही. दहा किलोचं मॉडेल ताशी सव्वाशे किलोमीटर वेगानं जात असेल तर त्याची ऊर्जा साठ मीटरवरून खाली सोडलेल्या दहा किलोच्या दगडाइतकी असते, आणि पुढं फिरता पंखा असतो तो वेगळाच. ‘ड्रोन नियम २०२१’मध्ये शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची स्वतंत्र व्याख्या आहे, पण विमानतळांभोवतीची बंधनं मॉडेललाही लागू आहेत. उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. नुसतं बघायला जाणार असाल, तर उडवणाऱ्याच्या मागं उभे राहा, आणि छायाचित्र घ्यायला धावपट्टीकडं जाऊ नका.