साल्हेरचे शेवटचे टोक राहिले

गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही घरातली पाच माणसे साल्हेरला गेलो. आम्ही दोघे, नववीतली थोरली, सहावीतला धाकटा आणि कॉलेजात जाणारा पुतण्या. हट्ट थोरलीचा होता. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तामिळनाडूत. शाळेच्या प्रदर्शनासाठी थोरली त्या १२ किल्ल्यांचा तक्ता करत होती. मालेगावकरांना त्यातला सर्वांत जवळचा साल्हेर. १५६७ मीटर उंच, कळसूबाईनंतर राज्यातले दुसरे उंच शिखर. तिला त्या टोकावरचा स्वतःचा फोटो तक्त्यावर हवा होता.

फजरनंतर लगेच निघालो. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करत साडेसातला वाघांबे गावी पोहोचायचे ठरले होते. पण सटाण्यात चहा झाला, मग गरम भजी, मग धाकट्याच्या चपलेचा तुटलेला पट्टा. वाघांब्यात गाडी थांबली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. सव्वा तास तिथेच गेला. दुपारी त्याचा हिशेब द्यावा लागला.

गावातल्या एका मामांना वाटाड्या म्हणून सोबत घेतले. आकाश धुतल्यासारखे निळे होते. आम्ही म्हटले, "मामा, पाऊस तर संपला ना?" मामा हसले. "हस्ताचा हत्ती गेला सर, पण शेपूट राहिलंय. दुपारी कळेल."

परतीचा मान्सून आम्ही दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. जमिनीत ओल असते, हवेत बाष्प असते, सकाळचे ऊन कडक पडते. तापलेली हवा ओल घेऊन वर चढते, डोंगर तिला आणखी वर ढकलतात, आणि दुपारी दोनच्या आसपास विजांसह पाऊस कोसळतो. हे सारे पाठ असूनही सकाळच्या निळ्या आकाशाला आम्ही भुललोच.

पावणेअकराला साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत पोहोचलो. तिथे पुतण्या म्हणाला, "चाचू, सालोटा आधी करू. दोन्ही शिखरं होतील." सालोट्याची वाट घसाऱ्याची, पायऱ्या कातळात खोदलेल्या, उंच आणि अरुंद. धाकट्याचा हात धरून चढलो, बसत बसत उतरलो. वरून मांगी-तुंगीचे सुळके स्वच्छ दिसले. पण मुल्हेरच्या बाजूला ढग कापसाच्या ढिगासारखे फुगत होते. खिंडीत परत आलो तेव्हा साडेबारा झाले होते.

मग साल्हेर. उभ्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, पुढे कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी. गंगासागर तलावाच्या पठारावर आलो आणि पहिला गडगडाट ऐकू आला. घड्याळात दोनला दहा कमी होते. घरून निघताना आम्ही ठरवले होते की दीड वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे. दीड कधी वाजला कोणाच्या लक्षातच आले नाही. खरे सांगायचे तर लक्षात आले होते, बोलले कोणी नाही.

वर परशुरामाच्या मंदिराचे टोक समोर दिसत होते. फार तर अर्ध्या तासाची चढण. पुतण्या म्हणाला, "मी आणि बाजी पळत जाऊन येतो, एकच फोटो." थोरलीने पाठीवरची पिशवी खाली ठेवलीसुद्धा. आमच्या दोघांतही क्षणभर एकमत नव्हते. एकाला वाटत होते, पोर इतकी आली आहे, जाऊ द्यावे. तेवढ्यात वीज चमकली. मामांनी मोठ्याने आकडे मोजले. एकवीसवर आवाज आला. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज सात किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आसरा गाठायचा असतो. उघडे शिखर, एकटे झाड, पाण्याचा काठ, तिन्ही टाळायचे. पुढच्या विजेला नऊच आकडे झाले. कोणी काही न बोलता सगळे शिखराखालच्या गुहेकडे धावलो.

गुहेतही तोंडाशी उभे राहून मजा पाहायची नसते, भिंतीला टेकायचेही नसते. मामांनी सगळ्यांना आत मधोमध, पिशव्यांवर पाय जवळ घेऊन बसवले. बाहेर टोक ढगात गेले. गारा नव्हत्या, पण पाऊस आडवा येत होता. थोरली भिंतीकडे तोंड करून रडली. आम्ही समजूत घातली नाही. आईच्या हातचे पराठे तिने घेतले नाहीत, धाकट्याने तिचेही खाल्ले. बाटलीतल्या पाण्याने वजू करून तिथेच आळीपाळीने जोहर अदा केली.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचा नियम आहे. निघायला साडेतीन वाजले. त्या वेळी ढग फाटले आणि टोक पुन्हा उन्हात आले! पुतण्याने नुसते आमच्याकडे पाहिले. सूर्य सव्वासहाच्या आधीच मावळणार होता आणि ओल्या पायऱ्यांवरून उतरायला अडीच तास हवे होते. आम्ही खाली निघालो.

उतरताना पायऱ्यांवरून पाणी वाहत होते. एका दरवाज्याखाली आमचाच पाय घसरला, तोही अब्बूंचा, जे सकाळपासून सगळ्यांना सावध करत होते. गुडघा सोलवटला, बाकी अल्लाहचा शुक्र. मग थोरलीच पुढे झाली. अवघड पायरी आली की आधी उतरायची, वळायची, हात द्यायची. वाघांब्यात पोहोचलो तेव्हा मगरिबची वेळ झाली होती. मामांच्या घरी नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा मिळाला. ठरलेल्या पैशांपेक्षा जास्त त्यांनी घेतले नाहीत.

डोंगरात जाणाऱ्या वाचकांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप मोबाइलवर जरूर ठेवावे. आसपास वीज पडत असेल तर ते इशारा देते. मात्र डोंगरात रेंज मिळेलच असे नाही, तिथे आकडे मोजणेच कामी येते.

तक्त्यावर थोरलीने गुहेच्या तोंडातून दिसणाऱ्या पावसाचा फोटो चिकटवला. खाली लिहिले: 'उंची १५६७ मीटर. आम्ही गंगासागरपर्यंत.' डिसेंबरात पुन्हा जायचे आहे. पुतण्याने यादी केली आहे. चहा घरूनच, थर्मासमध्ये. आधी साल्हेर, वेळ उरला तर सालोटा. दीडचा गजर थोरलीच्या मोबाइलवर.