कोयनेच्या काठावरचा कोळसा

कोयनानगरात घरातल्या कार्बन उत्सर्जनाचा विषय काढला की बहुतेकांना तो आपला वाटत नाही. आमची वीज पाण्यावरची, धूर असलाच तर तो चंद्रपूरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात, असा साधा हिशेब असतो. त्यात चूक काढणं अवघड वाटतं, कारण समोर धरणाचा शिवसागर जलाशय पसरलेला आहे आणि राज्यभर कोयनेला महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतात. पण विजेचा हिशेब गावाच्या शिवेवर थांबत नाही. पाटण तालुक्यातल्या गिझरला लागणारी वीज आणि नागपुरातल्या कूलरला लागणारी वीज एकाच ग्रिडमधून येते. म्हणून धरणाच्या पायथ्याशी असलेल्या घरातही कोळसा जळतच असतो, फक्त तो दिसत नाही.

हे नीट कळायला कोयना चालते कशी ते पाहावं लागेल. प्रकल्पाचं काम पन्नासच्या दशकात सुरू झालं आणि १९६२ मध्ये पहिल्या टप्प्यातून वीजनिर्मिती सुरू झाली. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १९६० मेगावॅट आहे. शिवसागराचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला जातं आणि पोफळीच्या बाजूला जमिनीखालच्या वीजगृहांत पावणेपाचशे ते पाचशे मीटर खाली कोसळतं. या उंचीवरून हिशेब मांडला तर एक युनिट वीज तयार व्हायला साधारण साडेआठशे लिटर पाणी लागतं. घरात एक किलोवॅटची इस्त्री तासभर चालली की गच्चीवरच्या टाकीएवढं पाणी वाशिष्ठीच्या वाटेने अरबी समुद्राला मिळालं.

आता अडचण अशी, की हे पाणी मनाला येईल तेवढं वापरता येत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. पोफळीकडचे सगळे संच रात्रंदिवस पूर्ण क्षमतेने चालवले, तर हा कोटा दोनेक महिन्यांतच संपेल. त्यामुळे कोयना चोवीस तास चालवायची गोष्टच नाही. ती राज्याच्या विजेची कणगी आहे. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही एकदम सुरू होतात, कारखान्यांचीही मागणी असते, तेव्हा ही कणगी उघडायची. जलविद्युत संच काही मिनिटांत पूर्ण भार घेतात. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उठायला कित्येक तास लागतात.

कोट्यातलं पाणी वर्षअखेर बहुतेक वापरलंच जातं. म्हणजे कोयनानगरात तुम्ही एक युनिट वाचवलं, तर वाचलेलं पाणी दुसऱ्या कुठल्या तरी संध्याकाळी उपयोगी पडतं आणि त्या वेळी कोळशाचा संच तेवढा कमी चालतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. धरणाशेजारच्या घरालाही हाच आकडा लावायला हवा.

मग घरात नेमकं काय करायचं? इथल्या हवेत एसीचा प्रश्न फारसा नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात खरा खर्च असतो तो आंघोळीच्या पाण्याचा. एक बादली पाणी आंघोळीपुरतं तापवायला जवळजवळ अर्धं युनिट लागतं. चार माणसांच्या घरात दिवसाला दोन युनिटं, म्हणजे जवळजवळ दीड किलो कार्बन. जुना ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला, तर रोज दहा तास चालूनही जेमतेम अर्धं युनिट वाचतं. एलईडी दिवे जरूर लावा, पण खरी बचत न्हाणीघरात आहे. सोलर हीटरची जाहिरात फारशी होत नाही, मात्र ऑक्टोबर ते मे या काळात तो गिझर जवळजवळ बंद ठेवतो.

जून ते सप्टेंबर मात्र सोलर हीटर रुसून बसतो. मग बंब पेटतो. लाकूड पुन्हा वाढतं, म्हणून त्याचा कार्बन मोजायचा नाही असं मानलं, तरी अर्धवट जळालेल्या ओल्या लाकडाचा काळा कार्बन हवेतला उकाडा वाढवतो आणि स्वयंपाकघरातल्या बाईच्या छातीत जातो. लाकूड येतं कुठून, हाही प्रश्न आहेच. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी हरित सल्ले देणारे बहुतेक गाळतात. स्वयंपाकाचा गॅस काढून इंडक्शन घ्या, हा सल्ला आपल्या ग्रिडवर आज उलटा पडतो. १४.२ किलोचं एक सिलिंडर जळलं की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिटं लागतील आणि आजच्या सरासरीने त्यामागे ९० किलोच्या जवळपास कार्बन पडेल. आंघोळीच्या पाण्याचंही तेच. गॅस गिझर विजेच्या गिझरच्या निम्म्याहून कमी कार्बन सोडतो. मात्र तो बंद न्हाणीघरात लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दरवर्षी त्याने माणसं दगावतात. गिझर बाहेरच्या भिंतीला लावायचा आणि गरम पाणी पाइपने आत आणायचं. इंडक्शनची पाळी येईल ती आपल्या छपरावर सूर्याची वीज तयार होईल तेव्हा, आणि तीही दुपारच्या स्वयंपाकासाठी.

छपराचा विषय कोयनेत हळवा आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली. जड दगडमातीची घरं कोसळून झालेला संहार इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा डोक्यावर आणखी वजन नको, ही भीती अनाठायी नाही. पण वजनाचा हिशेब करून पाहा. सौर पॅनेल आणि त्याचा सांगाडा मिळून एका चौरस मीटरला पंधराएक किलो भरतो. त्याच जागेवरची मंगलोरी कौलं चाळीस किलोच्या आसपास भरतात, पावसात भिजली की जास्तच. पॅनेलपेक्षा सोलर हीटरची टाकी काळजी करायला लावणारी. दोनशे लिटरच्या टाकीत दोनशे किलो पाणी असतं. ती पत्र्याच्या शेडवर चढवायची नाही, खांबाच्या किंवा भक्कम भिंतीच्या डोक्यावरच बसवायची आणि तिचे पाय बोल्टने पक्के आवळायचे.

सौर पॅनेल पावसाळ्यात काय करणार, हा इथला हमखास प्रश्न. सप्टेंबरपर्यंत त्यांची निर्मिती खूपच घटते, हे खरं. पण नेट मीटरिंगमध्ये हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात जादा तयार झालेली युनिटं खात्यावर जमा राहतात आणि पावसाळ्याच्या बिलातून वळती होतात. कोयनेसारख्या गावाला ही तारीख सोयीची पडली आहे. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान मिळतं. हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल, तर त्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी पाहून या. २०२४ मध्ये ती राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. तिथली घरं सौर विजेवर आहेत, रस्त्यावरचे दिवे, ग्रामपंचायत आणि नळपाणी योजनाही. गाव छोटं आहे, घरं शंभराच्या आसपास. तरीही वरदायिनीच्या तालुक्यातल्या एका वाडीने सूर्याकडे तोंड वळवलं, यात बरंच काही आलं.

पॅनेल न बसवणाऱ्यांनाही वेळेचा फायदा घेता येतो. दिवसा ग्रिडमध्ये सौर वीज भरपूर असते. कपडे धुण्याचं यंत्र, पाण्याची मोटार, स्कूटरचं चार्जिंग ही कामं सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत उरकली, तर कोळशावरचा भार घटतो आणि कणगीतलं पाणी शिल्लक राहतं.

आता रस्ता. पन्नासचा ॲव्हरेज देणारी मोटारसायकल किलोमीटरला ४५ ग्रॅमच्या आसपास कार्बन सोडते. विजेची स्कूटर शंभर किलोमीटरला तीनेक युनिटं खाते, म्हणजे ग्रिडची सरासरी वीज धरूनही तो आकडा निम्म्यावर येतो. कुंभार्ली घाटात तिची बॅटरी दम तोडेल असं अनेकांना वाटतं. दोन माणसांसह सहाशे मीटर चढायला समतल रस्त्यापेक्षा अर्धंच युनिट जादा लागतं, आणि उतरताना त्यातलं थोडं बॅटरीत परत येतं.

पण मोठी बचत स्कूटरमध्येही नाही. कोयनानगरहून कराडला जाऊन यायला शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. एकट्याने मोटारीने केलं, तर सतराएक किलो कार्बन. भरलेल्या डिझेलच्या एसटीत एका प्रवाशाच्या वाट्याला दोन किलोहून कमी येतो. विजेची बस आली तरच बरं, असं समजून थांबायचं कारण नाही. ती रात्री कोळशाच्या विजेवर भरली, तर आजच्या ग्रिडवर डिझेल बसपेक्षा फारशी सरस ठरत नाही. एसटी निम्मी रिकामी गेली तरी डिझेल जवळपास तेवढंच जळतं, मग रिकाम्या बाकावर बसणारा माणूस हवेत जवळजवळ काहीच भर घालत नाही. त्यासाठी अनुदान नको, कर्ज नको, छपरावर चढायला नको. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. एसटी महामंडळाने पाटण, कराड आणि चिपळूणच्या फेऱ्या वेळेवर सोडाव्यात, संध्याकाळची परतीची गाडी रद्द करू नये, एवढं केलं तरी कोयना खोऱ्यातल्या पुष्कळ मोटारी अंगणात उभ्या राहतील.