नाकारलेल्या बंदुकीची खबर

अमेरिकेत बंदुकीच्या दुकानात एखादा मनुष्य येतो, पिस्तूल पसंत करतो आणि दुकानदाराने पुढे ठेवलेला छापील अर्ज भरून देतो. पूर्वी गंभीर गुन्हा शाबीत झाला आहे काय, घरच्या माणसांना त्रास दिल्यावरून न्यायालयाचा मनाईहुकूम आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हाच एक गुन्हा आहे. बऱ्याच राज्यांत दुकानदार एफ. बी. आय.च्या पडताळणी यंत्रणेकडे विचारणा करतो. बहुधा काही मिनिटांतच उत्तर येते. ते नकाराचे असले, तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने बाहेर पडते. ते पुढे कोठे जाते, हा खरा प्रश्न.

३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. त्यात त्यांचे वृत्तसचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांचेच नाव लाभलेला कायदा १९९३ साली संमत झाला. राष्ट्रीय यंत्रणा उभी राहीपर्यंत चौकशीचा भार त्याने स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर टाकला होता. परंतु संघसरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना असे राबवू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. १९९८ च्या नोव्हेंबरअखेर राष्ट्रीय यंत्रणा सुरू झाली. काम झटपट होऊ लागले खरे; पण कोणाला नकार मिळाला ही माहिती गावच्या पोलिसांऐवजी पश्चिम व्हर्जिनियातील क्लार्क्सबर्गच्या दप्तरात जमू लागली.

त्या माहितीचे पुढे काय होई? संघसरकारच्या हिशेबतपासनिसांनी २०१८ साली दिलेले आकडे बोलके आहेत. २०१७ या आर्थिक वर्षात सुमारे १,१२,००० नकार झाले; त्यांतील सुमारे १२,७०० प्रकरणे तपासासाठी धाडली गेली आणि खटले भरले गेले अवघे बारा!

मार्च २०२२ मध्ये, स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या नूतनीकरणाबरोबरच, यावर उपाय योजण्यात आला. संघसरकारच्या यंत्रणेने नकार दिल्यापासून चोवीस तासांच्या आत स्थानिक पोलिसांना खबर गेली पाहिजे. खरेदीचे ठिकाण एका गावी आणि अर्जदाराचे घर दुसऱ्या गावी असेल, तर दोन्हीकडे. मनाईहुकूम मिळवून जीव मुठीत धरून राहणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या चोवीस तासांचे मोल केवढे, हे सांगावयास नको. राज्याच्या पोलिसांना हुकूम करता येत नसला, तरी खबर देण्यास कोणाची आडकाठी नाही.

भारतीय श्रोत्यांना हा सारा खटाटोप चमत्कारिक वाटेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे येथे आधी परवाना, मग बंदूक. आणि परवान्याच्या अर्जावर जवळच्या ठाण्याचा अहवाल मागविलाच जातो. तेथे मात्र कित्येक राज्यांत खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या शस्त्राला पडताळणीच लागत नाही. दुकानात नाकारलेला मनुष्य तिकडे वळू शकतो, म्हणूनच खबर त्याच्या आधी पोचावी लागते.

अर्थात नकार म्हणजे अपराधाचा पुरावा नव्हे. केवळ नामसादृश्याने निरपराध माणूसही अडतो. त्याला दाद मागता येते. आणि नकार चुकीचा ठरला, तर ज्या ज्या पोलिसांना पहिली खबर गेली, त्यांना तसे कळविण्याचे बंधनही त्याच कायद्याने सरकारवर घातले आहे.