विजेची भट्टी प्रमाणाबाहेर कां तापते?

चुलीचा जाळ आटोक्यांत ठेवावयाचा, तर घरांतील बाईस दर घटकेला तिच्याकडे पाहावें लागतें. लाकूड पुढें सारावें, मागें ओढावें, पाण्याचा शिपका मारावा, हें सर्व तिच्या हातीं असतें. विजेच्या भट्टीस, म्हणजे जिला आपण ओव्हन म्हणतों तिला, असा राखणदार बाहेर लागत नाहीं; तो तिच्या पोटांतच बसविलेला असतो. तो आपलें काम नीट करीत आहे तोंवर नानखटाई खुसखुशीत होते व केक फुलतो. तो निजला कीं तीच भट्टी पदार्थ जाळते, आणि प्रसंगीं घरासही आग लावूं शकते. महाड-पोलादपूर भागांतील स्वयंपाकघरांतूनही मेजावर ठेवावयाची लहान भट्टी, जिला बाजारांत 'ओटीजी' म्हणतात, आतां दिसूं लागली आहे. म्हणून तिच्या ह्या एका दोषाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्रथम उष्णता येते कोठून तें पाहूं. भट्टींत वर व खालीं ज्या नळ्या लाल होतात, त्यांच्या आंत बहुधा निक्रोमच्या तारेची गुंडाळी असते. निकेल व क्रोमियम ह्यांच्या ह्या मिश्रधातूचें पेटंट आल्बर्ट मार्श ह्या अमेरिकन संशोधकास १९०६ सालीं मिळालें. ती लाल होईपर्यंत तापली तरी लवकर झिजत नाहीं. गुंडाळी व बाहेरची धातूची नळी ह्यांच्यामध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णतेस वाट देते, पण विजेस देत नाहीं. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २,००० वॅटच्या भट्टींतून सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो.

परंतु किती तापावें हें ह्या नळ्यांस मुळींच कळत नाहीं. प्रवाह चालूं आहे तोंवर त्या उष्णता ओततच राहतात. भट्टीच्या भिंतींतून बाहेर जाणारी उष्णता आंत येणाऱ्या उष्णतेच्या बरोबरीस येईपर्यंत उष्णतामान चढतच जातें. आपणांस १८० अंश सेल्सिअस हवे असतील, तर तेथें प्रवाह तोडणारा व भट्टी थोडी निवतांच तो पुन्हां जोडणारा कोणी तरी पाहिजे. तोच थर्मोस्टॅट होय.

त्याचें तत्त्व सोपें आहे. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस घट्ट जोडून तापविल्या, तर एक अधिक प्रसरण पावते, दुसरी कमी; म्हणून ती जोडपट्टी वांकते. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेंत करून पाहतां येतो. अँड्र्यू युर ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञानें १८३० सालीं ह्याच तत्त्वावरील नियंत्रकाचें पेटंट घेतलें. लहान भट्टींत अशी पट्टी वांकली कीं धातूच्या दोन टिकल्या, ज्यांस कारागीर 'पॉइंट' म्हणतात, अलग होतात व प्रवाह तुटतो. मोठ्या भट्टींत पट्टीऐवजीं तेलानें भरलेली बारीक नळकांडी आंत बसविलेली असते; तेल प्रसरण पावून एका पडद्यास रेटतें आणि पडदा पॉइंट उघडतो.

ह्यावरून मुख्य गोष्ट ध्यानांत येईल. भट्टी प्रमाणाबाहेर तापते ती अधिक उष्णता उत्पन्न करते म्हणून नव्हे, तर वेळेवर थांबत नाहीं म्हणून. दोष बहुधा तापविणाऱ्यांत नसून थांबविणाऱ्यांत असतो. 'विजेचा दाब वाढला म्हणून केक जळाला' असें पुष्कळदां ऐकूं येतें. दाब शेंकडा १० नें वाढला, तर उष्णता शेंकडा २१ नें वाढते हें खरें. कारण रोध तोच असतां ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. परंतु थर्मोस्टॅट शाबूत असेल, तर १८० अंश थोडे लवकर गांठले जातील, एवढेंच.

आतां दोष शोधावयाचा कसा? आमच्या मतें क्रम असा असावा: आधीं डोळे, मग उष्णतामापक, मग मीटर, आणि सर्वांच्या शेवटीं पेचकस.

डोळ्यांनीं पाहावयाचें तें हें. थाळा वरच्या नळीच्या अगदीं निकट आहे काय? भांडें काळें आहे काय? काळें भांडें उष्णता अधिक शोषतें व पदार्थाचा तळ करपवितें. दार नीट मिटतें काय? न मिटल्यास आंतली उष्णता निसटते, थर्मोस्टॅटास भट्टी थंडच वाटते, आणि नळ्या गरजेहून अधिक वेळ लाल राहून पदार्थाचा माथा जाळतात. भट्टी भिंतीस चिकटवून ठेवली आहे काय? ह्यांपैकीं कांहीं आढळल्यास तेवढें सुधारून पुन्हां पाहावें.

मग मोजावें. भट्टींत ठेवावयाचा उष्णतामापक मध्यभागीं ठेवून बटण १८० वर लावावें व अर्धा तास जाऊं द्यावा. कांटा थोडा वर व थोडा खालीं हलत राहील. १०-१५ अंशांचा असा झोका हा दोष नव्हे. त्याची सरासरी पाहावी. उष्णतामापक नसेल तर साखर उपयोगी पडते. साखर १८६ अंशांच्या सुमारास वितळते. भट्टी १७५ वर स्थिर झाल्यावर चमचाभर साखर पातळ पत्र्यावर पंधरा मिनिटें आंत ठेवावी. ती वितळूं नये. १९० वर मात्र ती वितळली पाहिजे. पहिल्याच वेळीं पाक झाला, तर भट्टी सांगितल्याहून अधिक तापते हें सिद्ध झालें. ही परीक्षा मुलांनीं वडील माणसांच्या देखत करावी.

यानंतर नळ्यांकडे पाहावें. निरोगी भट्टींत त्या कांहीं वेळ लाल, कांहीं वेळ काळ्या अशा दिसतात. बटण १५० वर असून अर्धा तास झाला तरी त्या एकसारख्या लालच राहिल्या, तर पॉइंट चिकटले असावेत. प्रत्येक वेळीं प्रवाह तुटतांना तेथें बारीक ठिणगी पडते. हजारों ठिणग्यांनीं टिकल्या खरवडतात आणि एक दिवस वितळून एकमेकींस जडतात. प्लग काढून व भट्टी थंड करून वायरमन मीटर लावतो. बटण शून्यावर असतांही मीटर जोड दाखवील, तर निदान पक्कें झालें. अशा वेळीं टिकल्या कानशीनें घासून भागत नाहीं; तितक्याच अँपिअरचा नवा थर्मोस्टॅट बसवावा.

नळ्या बंद-चालूं होतात, पण चुकीच्या अंशावर, असें आढळल्यास पट्टी वांकडी झाली असेल, बटण दांड्यावर फिरलें असेल, किंवा मोठ्या भट्टींतील नळकांडी आपल्या पकडींतून निसटली असेल. नळकांडींतील तेलच गळालें, तर पडद्यास रेटणारें कांहीं उरत नाहीं व प्रवाह तुटतच नाहीं.

एक दोष मात्र अधिक घातक आहे. बटण बंद केलें तरी नळीचा कांहीं भाग तापतच राहतो. लहान भट्टींतील थर्मोस्टॅट बहुधा एकच तार तोडतो. सॉकेटमध्यें फेज व न्यूट्रल ह्यांची अदलाबदल झालेली असेल, तर तो न्यूट्रल तोडतो आणि फेज नळीपर्यंत पोंचलेलीच राहते. त्यांत गुंडाळी मध्येंच बाहेरच्या नळीस टेंकली, तर प्रवाह अर्थिंगच्या वाटेनें वाहत राहतो. अर्थिंगही तुटलेलें असेल, तर भट्टीचें सारें अंग विजेनें भारलें जातें. अशी शंका येतांच प्लग काढावा व तारा तपासल्याखेरीज तो पुन्हां लावूं नये.

आमच्या भागांतील हवेचाही येथें विचार केला पाहिजे. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडाकडे येते, आणि तिच्या ह्या खोऱ्यांत वर्षास १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. त्या दिवसांत पॉइंटांवर काट चढतो, जोड सैल होऊन तापूं लागतात, आणि नळींतील पांढरी पूड हवेंतील ओल शोषून घेते. मग वीज तिच्यांतून पाझरूं लागते. पावसाळाभर बंद राहिलेली भट्टी प्रथम कमी आंचेवर पंधरा-वीस मिनिटें रिकामीच चालवावी. तरीही घरांतील आर.सी.सी.बी., म्हणजे ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारी कळ, पडली, तर ती पुन्हां पुन्हां वर न ढकलतां वायरमनास बोलवावें. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत महाड शहरांतील घरांत व दुकानांत पाणी शिरलें. अशा पुरांत बुडालेली भट्टी वरून कोरडी दिसली, तरी थर्मोस्टॅटाच्या सांदींत गाळ बसलेला असतो. दोन दिवस उन्हांत ठेवून ती चालूं करणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. ती उघडून, धुवून, वाळवून व तिचा रोध मोजूनच वापरावी.

पावसांत वीज जाते व अवेळीं परत येते. भट्टीचें घड्याळ 'सतत चालूं' ह्या खुणेवर असेल, तर वीज येतांच रिकाम्या घरांतही ती पुन्हां तापूं लागते. म्हणून वीज जातांच बटणें शून्यावर आणून प्लग काढण्याची संवय मुलांनीं लावून घ्यावी.

शेवटीं एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पुष्कळ भट्ट्यांत थर्मोस्टॅटाच्या पाठीमागें आणखी एक रक्षक असतो: उष्णता मर्यादेबाहेर जातांच वितळणारा फ्यूज किंवा आपोआप तुटणारी कळ. तो पुन्हां पुन्हां जाऊं लागला, कीं त्याच्या जागीं तारेचा तुकडा जोडून भट्टी 'चालूं करून देणारे' कारागीर भेटतात. भट्टी चालूं होते खरी. परंतु एक राखणदार आधींच निजलेला, आणि दुसऱ्यास आपण हातानें घराबाहेर घालविलेलें. फ्यूज गेला हा दोष नव्हे, ती दोषाची वर्दी आहे. पालकांनीं असा तुकडा जोडूं देऊं नये. फ्यूज कशामुळें गेला हें विचारावें, आणि त्याचें उत्तर मिळाल्यावरच दुरुस्तीचे पैसे द्यावेत.